राखी पुठ्ठ्यातली खिडकी

शेवटचा साधा दिवस शनिवार होता. साधा म्हणजे इतका साधा, की नंतर त्यातलं एकेक आठवताना महेश्वरीला त्या दिवसाला धरायला कुठं कडच सापडेना. सकाळी पाच दिवसांतून एकदा येणारं पाणी नळाला आलं होतं, अव्वानं, तिच्या आईनं, पिंपं भरून घेतली होती, अप्पांनी कडक भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून अर्धी रजा टाकून ती तीनला घरी पोचली, तेव्हा अप्पा धुतलेली टोपी घालून, पायात चपला चढवून दारातल्या खुर्चीवर बसले होते. "किती वेळ झाला बसून?" तिनं विचारलं. "आत्ताच की," अप्पा म्हणाले. आतून अव्वा ओरडली, "आत्ताच कुठलं! बारापासून नवरदेवासारखं बसलेत. घोडा तेवढा आणायचा राहिला बघ." अप्पा हसले आणि उठताना त्यांनी हात पुढं केला. तो हात तिच्या खांद्यावर पडायच्या आधी हवेत थोडा चाचपडला. हे तिला तेव्हा दिसलं होतं की नंतर आठवताना तिनं त्यात भरलं, हे आता सांगता येणार नाही.

जुना टीव्ही महिन्यापूर्वी गेला होता. एकवीस इंची, पाठीला कुबड असलेला, अठ्ठावीस वर्षांचा. दुरुस्तीवाल्यानं शेवटी हातच जोडले, "अप्पा, याची ट्यूब आता देवाच्या घरीसुद्धा मिळायची नाही." तरी तो जाईपर्यंत अप्पांनी दुसरा येऊ दिला नव्हता. लोकांच्या घरी पातळ टीव्ही आले, भिंतभर झाले, अप्पा तिथं चहा पिऊन यायचे आणि घरी आल्यावर म्हणायचे, "मैदानाचा हिरवा खोटा आहे. गवत असं नसतंय." त्यांना विचारणारं कोण होतं? पण रंगाबद्दल त्यांचं म्हणणं खोटं पाडायचीही कुणाची छाती नव्हती. चाळीस वर्षं ते एका चादरींच्या कारखान्यात रंगमास्तर होते. मागच्या लॉटचा लाल आणि या लॉटचा लाल यांत केसाएवढा फरक असला तरी चन्नवीर मास्तर रंगाची टाकी थांबवतो, अशी त्यांची ख्याती होती आणि तशीच तक्रारही. लहानपणी सुट्टीत ती डबा घेऊन कारखान्यात जायची. उत्तरेकडच्या खिडकीशी अप्पा उभे असायचे, हातात राखी रंगाचा पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या मधोमध काड्यापेटीएवढी चौकोनी खिडकी कापलेली. एक डोळा मिटून त्यातून आधी नमुन्याचा तुकडा बघायचा, मग टाकीतून काढलेलं सूत. "भोवतीचं सगळं झाकायचं, मही," ते सांगत. "भोवतीचं दिसलं की डोळा फितूर होतो. मोठं कापड खोटं बोलतं. तुकडा खरं सांगतो." ती पुठ्ठा डोळ्याला लावायची. कारखाना, भट्टी, वाफ, ओल्या फरशीवरून धावणारी माणसं, सगळं राखी रंगात बुडून जायचं आणि मधे एक लाल चौकोन उरायचा. तिला ते भारी वाटायचं, भीतीही वाटायची. पुठ्ठा काढला की जग परत येतं, म्हणून तर ती भीती बरी वाटायची.

होटगी रस्त्यावरच्या टीव्हीच्या दुकानात थंडगार होतं आणि भिंतभर एकच पक्षी चाळीस पडद्यांवर एकाच वेळी उडत होता. विक्रेता अजिनाथ नावाचा, पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र. सुरुवातीला तो पुस्तकी बोलत होता, "सर, आपलं बजेट काय आहे, सर." अप्पांनी त्याला गाव विचारलं. तो केमचा निघाला. "केम म्हणजे कुंकवाचं गाव की," अप्पा म्हणाले आणि त्याची सगळी पुस्तकी भाषा गळून पडली. "व्हय! आमच्या आईचे तळवे अजून लाल हायत बघा, अप्पा. किती बी साबण लावा." मग अप्पांनी त्याला कामाला लावलं. पक्षी नको, पाणी नको, बर्फ नको, लाल दाखव. अजिनाथनं कुठून तरी कुंकवाच्या ढिगाचं चित्र काढून पंचावन्न इंची, सगळ्यात महागड्या पडद्यावर लावलं. अप्पा बराच वेळ बघत राहिले. "हा खरा आहे," ते हळूच म्हणाले. महेश्वरीनं त्यांचा तो आवाज कैक वर्षांत ऐकला नव्हता. टाकी बरोबर उतरली की यायचा तो आवाज. मग त्यांनी दोन हात समोर धरले, सुपाएवढं अंतर ठेवून. "हाच लाल एवढ्यात दे."

लहान टीव्ही मागं होते, मिक्सरच्या रांगेखाली. बत्तीस इंची, चोवीस इंची. तेच कुंकू तिथं विटकं, नारिंगीकडं झुकलेलं, पाण्यात पडल्यासारखं. अप्पांनी वाकून बघितलं, मान हलवली. "लहानात हा रंग नाही?"

"लहानात येतच न्हाय, अप्पा."

"का पण?"

"आता कसं सांगू," अजिनाथ म्हणाला आणि मांडी घालून तिथंच फरशीवर टेकला, कारण अप्पाही एका खोक्यावर बसले होते. "ही काच तिकडं कारखान्यात खोलीएवढी मोठी निघती. ती कापून पडदे करत्यात. कुठलं माप कापलं की काच वाया जात न्हाय, ह्याचा त्यांचा हिशोब ठरलेला. मग आत डोकं लागतंय, रंग सुधारायचं; ते लहानाला बी तेवढंच, मोठ्याला बी तेवढंच. मेहनत तीच. आन् लहान घेणारा काय म्हणतो? स्वयंपाकघरात लावायचाय, भाड्याच्या खोलीत लावायचाय, स्वस्तातला द्या. लहान आन् चांगला, असा मागणारा वर्षातनं एखादा येतो. आज तुमी आलाय. एका माणसासाठी कंपनी कशी काढंल, सांगा की."

अप्पा हसले. "नॅपकिनचंच झालं," ते म्हणाले. अजिनाथला ते कळलं नाही, महेश्वरीला कळलं. कारखान्यात चादरींना पक्का रंग लागायचा आणि नॅपकिनांना कच्चा. रंगाला, वाफेला, हाताला नॅपकिनचा त्रास तेवढाच, पण नॅपकिनला पक्क्या रंगाचा दाम कोण देणार, असं मालक म्हणायचे. अप्पा त्यावरून भांडले होते आणि अर्थातच हरले होते. मग चादरीच्या टाकीत शेवटी उरलेल्या रंगात ते घरापुरते नॅपकिन बुडवून आणायचे. तिच्या शाळेच्या डब्याला बांधलेला तसला एक लाल नॅपकिन होता. वर्गातल्या मुलींचे नॅपकिन दोन धुण्यांत गुलाबी व्हायचे, भाजीला रंग लागायचा. तिचा दहावीपर्यंत तसाच राहिला. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, कारण तिला तेव्हा त्या नॅपकिनची लाज वाटायची. सगळ्यांकडं चित्रांचे रुमाल होते.

"पण एक इचारू का?" अजिनाथ म्हणाला. "भिंत मोठी हाय म्हणता. मॅडमनी मनात आणलंय. मग लहानच कशाला, अप्पा?"

अप्पांनी महेश्वरीच्या दिशेनं मान वळवली आणि ती मिक्सरवरचं काहीतरी वाचू लागली. "सण्णदु साकु," ते कानडीत म्हणाले आणि मग अजिनाथसाठी मराठीत, "लहान पुरे."

तिनं त्यांना पुन्हा मोठ्या पडद्यासमोर नेलं. तिथं पुन्हा पक्षी लागला होता. पक्षी डावीकडून आला, उजवीकडं गेला. अप्पा जिथं बघत होते तिथंच बघत राहिले. पक्षी गेल्यावर त्यांनी मान उजवीकडं वळवली, मग डावीकडं, मग वर. जत्रेत हात सुटलेलं पोर शोधावं तशी. मग ते एक पाऊल मागं सरकले. अजून एक. दुकानातल्या माणसांतून, पाठ न वळवता, सावकाश मागं मागं जात राहिले, ते थेट फ्रिजच्या रांगेला पाठ टेकेपर्यंत. "अप्पा, आजून मागं जाल तर थेट मंद्रूपला पोचाल," अजिनाथ म्हणाला आणि दोघं-तिघं हसले. तीही हसली. फ्रिजला टेकून अप्पा स्थिर उभे होते. तिथून पडदा सुपाएवढा दिसत असणार.

घरच्या फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्यामागं, थेंबांची एक छोटी बाटली दोन वर्षांपासून असायची. "डोळे कोरडे पडतात," अप्पा म्हणायचे. महेश्वरी पुस्तकांत राहणारी बाई. बाटलीवरचं नाव तिनं पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं आणि ते कशावर देतात तेही. काचबिंदू. नजर कडेकडून मरत जाते, मधली शेवटपर्यंत राहते. तिनं वाचलं आणि पुस्तक मिटलं. ज्या माणसानं आयुष्यभर डोळ्यांवर भाकरी कमावली त्याला, तुमचे डोळे चाललेत, हे कोणत्या तोंडानं विचारायचं? तेही सांगत नाहीत, म्हणजे त्यांना सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं आणि त्याला मान राखणं असं नाव दिलं. तिनं त्यांच्यासाठी जाड टायपाचा पेपर सुरू केला, मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणलं. नजर कमी झाली की वस्तू मोठी करायची, एवढंच तिला सुचलं. अप्पा त्या घड्याळाकडं बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे." आणि खिशातलं जुनं, छोटं घड्याळ हळूच बाहेर काढायचे.

त्या दुपारीही तिला तेवढंच सुचलं. मोठा घ्यावा. काही झालं तरी मोठ्यात जास्त दिसेल. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. लोक बघत असताना, हसत असताना, मिक्सरखालचा विटका टीव्ही उचलून बाहेर पडायचं तिच्या जिवावर आलं. डब्याच्या नॅपकिनची ती जुनी लाज अजून कुठंतरी शिल्लक होती. "पंचावन्नचाच द्या," ती म्हणाली. अप्पा फ्रिजपासून परत येत होते, एकेक पाऊल बघून टाकत. त्यांनी ते ऐकलं. "उद्या अकरापर्यंत येईल घरी," अजिनाथ म्हणाला. "मन बदललं तर दहाच्या आत फोन करा. मग गाडी निघती." रिक्षात अप्पा म्हणाले, "लाल चांगला आहे त्याचा." घरी आल्यावर तिनं पुढच्या खोलीतली समोरची भिंत मोकळी केली, कॅलेंडर काढलं, आणि अप्पांना खुर्चीत बसवून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर पेन्सिलीनं एक फुली मारली. खुर्चीमागं भिंत होती. तिथून समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम आठ फूट. मागं सरकायला तिथं फ्रिजची रांग नव्हती.

दिवेलागणीला अप्पा अंघोळ करून पूजेला बसले. ती दारात भाजी निवडत होती. गळ्यातलं इष्टलिंग काढून त्यांनी डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं, आणि तळहात उचलून डोळ्यांसमोर धरला. हे ती जन्मापासून बघत आली होती. लिंगायतांच्या घरोघरी असंच बघतात. देव देवळात मोठा असतो, बघायचा तो तळहातावर. पण त्या संध्याकाळी तिनं अप्पांचे डोळे बघितले. ते हलत नव्हते. दुपारी पडद्यावर भिरभिरलेले, हरवलेले, माफी मागितल्यासारखे झालेले ते डोळे आता गच्च स्थिर होते, कारण जे बघायचं ते सगळंच्या सगळं त्यांच्यात मावलं होतं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. राखी पुठ्ठा. अप्पांच्या डोळ्यांवर राखी पुठ्ठा चढलाय आणि तो निघणार नाही. खिडकीएवढंच दिसतं. मोठं करशील तितकं कमी दिसतं. म्हणून ते मागं मागं जात होते. म्हणून सुपाएवढा हवा होता. आणि रंगही खरा हवा होता, कारण उरलेल्या एवढ्याशा खिडकीतून खोटा रंग कशाला बघायचा?

पूजा झाली की सांगायचं, असं तिनं ठरवलं. अप्पा, मला माहीत आहे. उद्या फोन करून तो टीव्ही रद्द करते. चांगला लहान मिळेपर्यंत हुडकू, पुण्याला बघू. वाक्य तयार होतं. पूजा झाली, मग अव्वानं ताटं वाढली. जेवताना अप्पाच म्हणाले, "चांगला घेतलास गं." ते तिला बरं वाटावं म्हणून म्हणत होते हे तिला कळत होतं, आणि आपण बोललो तर त्यांचं ते म्हणणं उघडं पडेल, म्हणून ती भाताकडं बघत राहिली. दहापर्यंत वेळ आहे, तिला वाटलं. सकाळी चहाला सांगू.

रविवारी सकाळी साडेसहाला अव्वानं चहाला हाक मारली आणि अप्पा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, पहाटे कधीतरी. काही कळलं नसेल त्यांना. मग घर माणसांनी भरलं. चुलतभाऊ विरेश आला, मठातले स्वामी आले. अप्पांना अंघोळ घातली, भस्म लावलं, आणि रीतीप्रमाणे मांडी घालून बसवायचं ठरलं तेव्हा विरेशनं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "ही भिंत मोकळीच आहे." पाटावर, त्या भिंतीला पाठ लावून अप्पांना बसवलं. मान ताठ राहावी म्हणून डोक्याला फडकं गुंडाळून ते वर खिळ्याला बांधलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. पेन्सिलीची फुली त्यांच्या डोक्याच्या वर चार बोटं दिसत होती. माणसं येत होती, पाया पडत होती. अकराला खाली टेम्पो थांबला आणि दोन हमाल भलंमोठं खोकं घेऊन जिना चढून आले. दारात चपलांचा ढीग बघून ते थबकले. "चन्नवीर, पहिला मजला?" पुढच्यानं विचारलं, आणि मग आत नजर जाताच तो खोक्यासकट एक पाऊल मागं सरकला. कुणीतरी म्हणालं, ठेवा तिथंच. त्यांनी ते व्हरांड्यात ठेवलं. मग दिवसभर लोकांनी त्या खोक्यावर हार ठेवले, पाण्याचे तांबे ठेवले. दुपारी अप्पांना विमानात, फुलांनी सजवलेल्या पालखीत, बसवून नेलं. जमिनीत बसवलं, लिंग हातात दिलं, वरून बेल आणि माती. महेश्वरी माती पडताना बघत होती आणि तिच्या डोक्यात एकच चालू होतं, की दहा वाजून गेले. दहा वाजून गेले.

पुढचे पंधरा दिवस खोकं व्हरांड्यात होतं आणि ते वाक्य तिच्या घशात. या दिवसांत तिला अव्वाचं एकेक दिसू लागलं. अव्वा अजूनही पाण्याचा तांब्या ताटाच्या बाजूला न ठेवता बरोबर समोर ठेवायची. दारालगतचं स्टूल कधीच माळ्यावर गेलेलं होतं. चालायच्या वाटेवर घरात एकही वस्तू नव्हती. दोन वर्षांत घर कडेकडून रिकामं होत गेलं होतं आणि आपल्याला वाटलं, अव्वाला म्हातारपणी टापटीप सुचली आहे. म्हणजे अव्वालाही. तिघं एका घरात, तिघांनाही माहीत, आणि प्रत्येकानं दुसऱ्यासाठी झाकून ठेवलेलं. अप्पा एकटेच त्या राखी रंगात बसून राहिले. एक जण जरी बोललं असतं तरी निदान तिथं सोबत झाली असती.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी अजिनाथ आला. बरोबर टीव्ही बसवणारा सिद्धाराम, पन्नाशीचा, खांद्याला ड्रिल मशीनची पिशवी. अजिनाथनं दारातच हात जोडले. "मॅडम, मला दुसऱ्या दिवशीच कळलं. परत न्यायचा म्हणला तर नेतो, मी वर बोललोय. ठेवायचा म्हणला तर ह्यांना आणलंय." महेश्वरी काही बोलायच्या आत अव्वा आतून म्हणाली, "बसा की आधी. चहा टाकते." सिद्धारामाला मात्र कामाची सवय. तो भिंतीपाशी गेला, फुलीवर बोट ठेवलं. "उंची ह्या खुणेला धरू का? समोर बसणारं माणूस कोण? त्याच्या डोळ्याच्या लेव्हलला लावावा लागतोय, न्हायतर मान धरती."

फुलीखाली भिंतीवर डोक्याच्या तेलाचा आणि भस्माचा एक पुसट डाग होता. अव्वानं तो पुसला नव्हता. महेश्वरीनंही नाही.

अजिनाथ अवघडून खाली बघत होता. "लई वेळ बघत बसले हुते त्या दिवशी लाल रंगाकडं," तो म्हणाला. "मी घरी आईला बी सांगितलं. असं गिऱ्हाईक न्हाय बघितलं. पण एक मनात राहिलं, मॅडम. एवढी नजर असलेला माणूस, आन् लहानच कशाला मागत हुता?"

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. अव्वा दारात येऊन उभी राहिली, हातात गाळणी. महेश्वरी भिंतीकडं बघत होती. पेन्सिलीच्या फुलीकडं नाही, तिच्या खाली चार बोटं, डागाच्या जागी.

"त्यांना कडेचं दिसत नव्हतं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "मधलं तेवढंच दिसायचं. तळहाताएवढं. मोठा पडदा त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हता."

अजिनाथ काहीतरी म्हणू गेला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"अप्पा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाटली आली तेव्हापासून माहीत होतं. शनिवारी तुम्ही पूजेला बसला तेव्हा सगळं कळलं. दहाच्या आत फोन करायचा होता. मी बोलले नाही, अप्पा."